कार्बोरेटरला लावलेलं कुंकू

आबांचे कान तोफांनी खाल्ले होते. माणूस तोफखान्यात गाड्यांचा मिस्त्री होता, सगळी नोकरी धडामधूम ऐकण्यात गेली, आणि पेन्शन घेऊन उंब्रजला आला तेव्हा उजवा कान पार गेलेला होता, डाव्यात ओरडलं तरच काही शिरायचं. आता मला सांगा, इंजिनाचा मिस्त्री आणि बहिरा! स्वयंपाकिणीच्या जिभेला चव नसावी तसली गत. पण आबांनी त्यावर तोड काढली होती, आणि ती तोड म्हणजे मी. हायवेला लागून आमचं गॅरेज, गॅरेजच्या मागे दोन खोल्या, आणि त्यातल्या मागच्या खोलीत आईची चूल. सकाळी आई भाकरी थापायला बसली की पुढे आबा कुणाच्या तरी गाडीचं बॉनेट उघडायचे आणि हाक यायची, "मंगे, कशी वाजतीया?" मी हातातला कप ठेवून जायची, कान लावायची आणि आबांच्या डाव्या खांद्यावर बोटांनी टिचक्या मारायची. एक टिचकी म्हणजे पेट्रोल कमी करा, दोन म्हणजे वाढवा, खांदा दाबला की बास, इथंच थांबा. गाडी चालवतानाही हीच भाषा, एक म्हणजे खालचा गिअर, दोन म्हणजे वरचा. शाळेतल्या बाई मला मुखदुर्बळ म्हणायच्या. घरी मी खांद्यावर बोलायची, त्याला आवाज कुठं लागतो?

आईला ह्या सगळ्याचा वैताग. आमच्या घरात इंजिनाचा आवाज थांबला तर तिला आधी बरं वाटायचं आणि मग चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. खर्ड्याला फोडणी दिली तरी घरात वास पेट्रोलचाच. आबांची स्वतःची एक जीप होती, फौजेच्या लिलावातली, लांब बांध्याची. तिचं मूळचं इंजिन काढून आबांनी त्यात एका मोडीत निघालेल्या फौजी ट्रकचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं होतं. तिच्यावर ते इतका जीव टाकायचे की आई तिला सरळ 'माझी सवत' म्हणायची. "जेवून घ्या म्हटलं की म्हणत्यात, थांब. आन् तिला तेल पाहिजे झालं की ताटावरनं उठत्यात," असं ती येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना सांगायची. आबांना ऐकू जायचं नाही, त्यामुळे ती पुष्कळ काही सांगायची.

त्या वर्षी आबांनी सवतीला पार नवं रूप द्यायचं मनावर घेतलं. सिलिंडर रुंद करून आणले, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, घासून पातळ केलं, दाब वाढावा म्हणून. इंजिनाची छाती मोठी झाली, पण श्वास घ्यायचं नाक मात्र जुनंच, फौजेचा एका घशाचा लहानसा कार्बोरेटर. सपाटीला बरी चालायची, चढ लागला की धापा टाकायची. आणि नेमका त्याच दिवसांत तासगावहून माझा दिनकरमामा आला. मामाच्या बेदाण्याच्या शेडी होत्या, बोलणं गोड आणि पोटात एकच गोष्ट, ती म्हणजे माझं लग्न. तासगावात द्राक्षबागा असलेलं एक घर त्यानं बघून ठेवलं होतं, तुळशीचं लग्न झालं की माझं. मला मात्र सांगलीला जाऊन मशीनचा डिप्लोमा करायचा होता. मी तसं म्हणाले तेव्हा मामा हसला नाही, ते जास्त लागलं. त्यानं जीपकडे बोट दाखवलं आणि आबांच्या डाव्या कानाशी जाऊन ओरडला, "दाजी, बाप-लेकीनं मिळून येवढं लोखंड कुटलं, पर ही गाडी पसरणीचा घाट तरी चढंल का? सांगलीला शिकायच्या गप्पा नंतर!"

आबा तापट. गॅरेजात चार गिऱ्हाईकं उभी होती, त्यांच्यासमोर ते म्हणाले, "दसऱ्याला चढवून दावतो. भरल्या गाडीनं, कुठं न थांबता. चढली तर पोरगी सांगलीला जाईल आन् शिक्षण हुस्तवर तिच्या लग्नाचा शब्द तुमी काढायचा न्हाई."

"आन् थांबली तर?" मामानं विचारलं.

"तर तुमी म्हणाल तितं देतो."

मी आईकडे बघितलं. ती दारात उभी होती, हाताला ज्वारीचं पीठ. ती आत गेली आणि परत भाकरी थापायला लागली. आमच्याकडे शब्द म्हणजे शब्द. त्यानं जमीन जाते, सोयरीक होते. आबांनी माझं पुढचं सगळं आयुष्य एका कार्बोरेटरवर ठेवून दिलं होतं, आणि मला राग आबांचा यावा की मामाचा, हेही समजत नव्हतं.

कार्बोरेटर बघायला आम्ही सांगलीला गेलो. भंगाराच्या बाजारात एक म्हातारा दुकानदार होता, त्यानं घोंगडीवर माल मांडला. आबांची नजर आधी गेली ती सगळ्यात मोठ्यावर, दोन रुंद घशांचा, पितळी, चकचकीत, कुठल्याशा विलायती मोटारीचा. "वाघाला शेरडाची नाकपुडी कशाला?" म्हणत त्यांनी तो उचलला. त्याच्याशेजारी त्याच जातीचा, पण मधल्या मापाचा, काळपट पडलेला एक होता. मला तो बरा वाटत होता. आबा ऐकेनात. शेवटी दोन्ही घेतले. घरी येऊन मोठा बसवला तर उभ्या गाडीत काय गरजायची! पण आबांनी पाय दाबला की ती आधी 'भक' करून गुदमरायची, आणि मग कुठं उसळायची. एवढ्या मोठ्या घशातून हवा हळू चालते, त्यामुळे तिच्याबरोबर पेट्रोल ओढलं जात नाही, हे मला पुढे शिकताना समजलं. तेव्हा मला फक्त ते 'भक' ऐकू येत होतं, आणि आबांना तेच ऐकू येत नव्हतं. मी खांद्यावर टिचक्या मारून मारून थकले. शेवटी त्यांचा हात धरून इंजिनावर ठेवला आणि म्हटलं, दाबा पाय. तो हिसका हाताला लागला तसा त्यांनी स्वतःच मोठा उतरवला. दुसऱ्या दिवशी मधला कार्बोरेटर चढला.

मग त्याचं जेट बदलणं, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या भोकाचं माप ठरवणं. एक जेट घालायचं, कराडच्या बाजूला लांब चक्कर मारायची, प्लग काढून बघायचे. पहिला आणि सहावा पांढरे पडायचे, मधले चार काळे. टोकाच्या सिलिंडरांना पेट्रोल पोचत नव्हतं. आबांनी कार्बोरेटरखालची बैठक घासून तिरपी केली, परत चक्कर. एकदा प्लग ओट्यावर वाळत पडले होते, तर आई चहा घेऊन आली आणि म्हणाली, "ह्यो बघ, ह्यो करपलाय आन् ह्यो कच्चा हाय. भाकरीवरचा डाग कसा पाहिजे? तांबूस." आम्ही हसलो. पण खरंच, सहाच्या सहा प्लग भाकरीच्या डागासारखे तांबूस झाले तेव्हाच आम्ही थांबलो. आता इतक्या वर्षांनी, परवा, माझ्या नातीनं बॅटरीवरची स्कूटर घेतली. मी म्हटलं, जरा चालू कर, कशी वाजते बघू. ती म्हणाली, आजी, चालूच आहे. मला कसंसंच झालं. जी गाडी बोलतच नाही तिचं दुखणं ओळखायचं कसं?

नवमीला गाडी अशी वाजत होती की काय सांगू! थंड असो, तापलेली असो, एका दमात बोलायची. पण खंडेनवमीला मिस्त्री हत्याराला हात लावत नाही. सगळे पाने, स्क्रू ड्रायव्हर रॉकेलनं धुऊन गोणपाटावर मांडलेले, वर झेंडू. जीपच्या पूजेला आईनं ताट आणलं तेव्हा आबांनी कार्बोरेटरवरचं हवा गाळायचं डबडं काढून बाजूला ठेवलं. "पूजा डबड्याची करायची व्हय? आतल्या जिवाची कर," म्हणाले. आईनं ओली हळद, ओलं कुंकू कालवलं आणि कार्बोरेटरच्या दोन्ही घशांच्या कडेनं पाच-पाच बोटं ओढली. मग डोळे मिटून बराच वेळ उभी राहिली. सवतीपुढे एवढा वेळ उभी राहिलेली मी तिला पहिल्यांदाच बघत होते. दसऱ्याला सकाळी आबांनी हत्यारांना नमस्कार केला, डबडं परत वर बसवलं. कुंकू पुसायचा प्रश्नच नव्हता. देवाचं कुंकू कुणी पुसतं का?

गाडी चालू केली. आत आई कडाकण्या डब्यात भरत होती, तिथूनच म्हणाली, "आज हिचा घसा बसलाय गं." मला वाटलं, गारव्यानं असेल. मामा आदल्या दिवशीच येऊन राहिला होता. त्यानं स्वतः मागे ज्वारीची पोती रचली, पायानं दाबून बघितली, आणि त्यांच्या शेजारी आईला घेऊन बसला. आबा चालवायला, मी त्यांच्या डाव्या हाताला. साताऱ्यापर्यंत ठीक. पुढे गाडी जड झाली. आवाज भरडा. पाचवडच्या अलीकडे मी मागे वळून बघितलं तर धुराची काळी शेपटी. आणि मामाच्या चेहऱ्यावर असं समाधान, जणू त्याला जावई मिळालाच.

वाईला टांगे उभे राहायचे तिथं आबांनी गाडी बाजूला घेतली. घाट अजून लागला नव्हता, एवढंच नशीब. प्लग काढले. सहाच्या सहा काळेकुट्ट, ओले. आबांनी कंबरेची चंची सोडली, तीत त्यांनी लहान मापाची जेटं बांधून आणली होती. "हवा पातळ झाली. जेट मोठं पडतंय. ल्हान घालू," ते म्हणाले.

"आबा, वाई काय डोंगरावर हाय का? परवा ह्याच जेटानं तांबूस होते ना प्लग!" मी त्यांच्या कानात ओरडले.

"मग काय झालं दोन दिसांत? भूत लागलं?"

"ते शोधू दे ना मला!"

मामा खाली उतरून पान जुळवत होता. "दाजी, उन्हं चढायच्या आत परत फिरू. तासगावला निरोप मी धाडतो," तो म्हणाला. आबांना ते ऐकू गेलं नाही, मला गेलं. लहान जेट घालून घाटाला लागलो असतो तर मधेच गाडीचं बळ सरलं असतं, ह्याची मला खात्री होती. पण खात्री दाखवायची कशी? आबांच्या हातात पाना होता आणि ते ऐकत नव्हते. मी त्यांच्या हातावर हात ठेवून तो दाबून धरला. बापाचा हात असा धरायची माझी ती पहिलीच वेळ. त्यांनी पाना खाली ठेवला. मग मी डबड्याचा नट फिरवला आणि ते उचललं.

आत दोन्ही घशांच्या कडेला लालपिवळा थर वाळून बसला होता. तिथंच, अगदी काठावर, सुईच्या टोकाएवढी हवेची भोकं असतात. पेट्रोलमध्ये आधी थोडी हवा मिसळते ती तिथून. भोकं बुजली की नुसतं पेट्रोल ओतलं जातं आणि इंजिन गुदमरतं. हळदी-कुंकवानं ती सगळी भोकं लिंपून टाकली होती.

आई माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. "अगं बाई," ती म्हणाली, "ह्ये तर मीच लावलं."

आबांनी पाहिलं आणि हात मागे घेतला. तोफांना न घाबरलेला माणूस! "देवाचं हाय ते," एवढंच म्हणाले. मी चिंधी पेट्रोलमध्ये बुडवली, पण माझाही हात पुढे होईना. दसऱ्याचा दिवस, देवापुढचं कुंकू, आणि लावणारी सवाष्ण समोर उभी. पुसायचं म्हणजे काय, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. मामा मागून म्हणाला, "आक्का, सणाचं कुंकू पुसायला लावू नगंस. दाजींच्या जिवाला काय झालं तर?"

आईचं तोंड पांढरं पडलं. ती आबांकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. तिचे ओठ हलत होते, देवाशी काय बोलली कोण जाणे. मग तिनं माझ्या हातातली चिंधी बाजूला सारली, आपल्या नव्या लुगड्याचा पदर पेट्रोलच्या वाटीत बुडवला आणि म्हणाली, "मी लावलं, मीच काढणार. पोरगी जाऊ दे म्हणूनच लावलं हुतं. देवाला काय तेवढं कळत न्हाई व्हय?" आणि तिनं पुसलं. एकेक बोट, सावकाश, बाळाचं तोंड पुसावं तसं. मला रडूच फुटलं. मामा तोंड फिरवून उभा राहिला.

भोकांत शिरलेलं मात्र निघेना. मामानं तार पुढे केली. आबा खेकसले, "तारेनं भोक मोठं हुईल! घोड्याचा केस आणा." समोर टांग्याचा घोडा, गळ्यात झेंडूची माळ, सणाचा नटून उभा. टांगेवाला म्हणाला, "शेपटीचा मागाल तर लाथ खाल पाव्हणं, आयाळीचा घ्या." आयाळीचा मऊ पडला. शेवटी टांगेवाल्यानं घोड्याला गूळ भरवला, त्याला गोंजारत शेपटीचे केस स्वतःच उपटून दिले आणि कपाळाला हात लावला. त्या केसांनी मी एकेक भोक साफ केलं, वरून तोंडानं फुंकर मारली. जिभेवर पेट्रोल आणि हळद. प्लग पुसून लावले, गाडी चालू केली. आबांनी विचारलं, "मंगे, कशी वाजतीया?" मी त्यांचा खांदा दाबला.

आणि मग घाट. पसरणीचा घाट ज्यानं भरल्या गाडीतून बघितला आहे त्याला सांगायला नको. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला खाली धोमचं पाणी. गाडी चढत होती, माझी बोटं चालत होती, एक, दोन, एक. मामा मागून दर वळणाला म्हणायचा, "आता थांबती बघ." धूर नव्हता. अर्धा घाट मागे पडला आणि एका उभ्या वळणावर वरून एसटी आली, आमच्या अंगावरच. तिला जागा देताना आबांनी गाडी एवढी हळू केली की चाकं फिरतात की नाही समजेना. इंजिन खोल गेलं, खोल गेलं, डुगडुगायला लागलं. आता खालचा गिअर, आत्ताच! मला ऐकू येत होतं. पण समोर एसटीचं ते लाल तोंड, आणि माझा हात मांडीला चिकटून बसला, हलेचना. संपलं सगळं, असं वाटलं.

आणि टिचकी पडली. आबांच्या खांद्यावर, एक, ठाम. आबांनी गिअर टाकला, पाय दाबला. मोठा कार्बोरेटर असता तर तिथंच 'भक' करून मेली असती. हिनं एक आवंढा गिळला आणि उचल घेतली. एसटीचा कंडक्टर खिडकीतून शिवी घालत खाली गेला. माझे दोन्ही हात मांडीवरच होते. मी मागे बघितलं. आई पदर तोंडावर धरून बाहेर बघत होती, पदराला कुंकवाचा लाल डाग.

पाचगणीच्या सपाटीवर आबांनी गाडी उभी केली. मामा उतरला, आमच्यासाठी बांधून आणलेली आपट्याची पानं त्यानं खिशातून काढली आणि पहिलं पान माझ्या हातात दिलं. "सोनं घे. सांगलीला जा. शब्द दिलाय," म्हणाला, आणि वर "डोकं लय चालतंय हिचं, बागाईतदाराच्या घरात फुकट गेलं असतं," असंही. मामा हरला तरी माणूस वाईट नव्हता. मी आबांच्या पाया पडले. ते हसत होते, आणि हसता हसता त्यांचा चेहरा उतरला. मी गेल्यावर गाडी कशी वाजते हे त्यांना कोण सांगणार, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. माझ्याही तेव्हाच आलं. एवढे दिवस जाण्यासाठी जीव टाकला होता, आणि आता जावंसं वाटेना.

परतायला निघालो तेव्हा मी पुढे बसायला गेले, तर आईनं माझा दंड धरला. "मागं बस. त्यांना आत्तापासनं सवय हुऊ दे."

मी तिला बाजूला ओढलं. "ती टिचकी तुझी होती ना? तुला कुठं येतं हे?"

"चुलीपाशी बसून येवढी वर्षं काय बहिरी हुते मी?" आई पदर खोचत म्हणाली. "सवतीचा आवाज बाईला वळखू येत न्हाई व्हय गं?"

ती पुढे चढली, आबांच्या डाव्या हाताला बसली. मी मामाच्या शेजारी, पोत्याला टेकून. आबांनी गाडी चालू केली आणि सवयीनं, मान न वळवता विचारलं, "मंगे, कशी वाजतीया?"

आईनं त्यांचा खांदा दाबला.